डिस्कवरून सर्व्हरवर: गेमच्या कॉपी प्रोटेक्शनची पार्श्वभूमी

नवा मोठा गेम जाहीर झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या पीसी गेमरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "यात डेनुव्हो आहे का रे?" डेनुव्हो म्हणजे गेमची चोरटी प्रत चालू नये म्हणून त्यात बसवलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप. उत्तर 'हो' आलं की बरेच जण खरेदी पुढे ढकलतात. तीन-चार हजार रुपये मोजून घेतलेला गेम आपल्याच मशीनवर चालवायला दरवेळी कुणाची तरी मंजुरी का लागावी, ही चीड त्यामागे आहे. ती डेनुव्होच्याही आधीची, थेट फ्लॉपीच्या काळातली आहे.

तेव्हा फ्लॉपीवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवले जात. साध्या कॉपीत ते उतरत नसत, आणि ते सापडले नाहीत की गेम सुरूच होत नसे. दुसरा उपाय छापील पुस्तिकेचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या १९९०च्या डॉस आवृत्तीत एका खोलीत अक्षरं लिहिलेल्या कुप्या असत. पुस्तिकेतलं सांगितलेलं पान, ओळ आणि शब्द शोधून त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराची कुपी प्यायची. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांमध्ये हा गेम एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर फिरला, तो पुस्तिकेशिवायच. त्यातला अडसर बहुधा कुणीतरी आधीच काढलेला असे, त्यामुळे अशी खोली होती हेच अनेकांना माहीत नाही.

सीडी आली तशी कुलपं कडक झाली. १९९८च्या सुमारास मॅक्रोव्हिजनचं सेफडिस्क आणि सोनीचं सिक्युरॉम ही सीडीची कुलपं आली. गेम हार्ड डिस्कवर पूर्ण टाकला असला तरी मूळ सीडी ड्राइव्हमध्ये हवीच. तिच्यावर ओरखडा पडला की पैसे बुडाले. म्हणून मूळ सीडी विकत घेतलेली मुलंसुद्धा नो-सीडी क्रॅक, म्हणजे सीडीशिवाय गेम चालवणारी कुलूपतोड फाइल, शोधत बसायची. आपल्या भागातलं वास्तव तर आणखी वेगळं होतं. अस्सल खोका घ्यायचा तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड गाठायचा. उलट स्टेशनबाहेर शंभर-दीडशे रुपयांत तोच गेम क्रॅकसकट मिळायचा. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक चालायचा तोही बहुतेक नॉन-स्टीम, म्हणजे स्टीम या अधिकृत ऑनलाइन सेवेला वगळून चालणारा. याचं समर्थन करायचं नाही. गेम बनवणाऱ्यांचे पैसे बुडत होते हे खरंच आहे. पण सीडीची कुलपं ज्यांना अडवण्यासाठी बनवली होती त्यांना ती कधी दिसलीही नाहीत. दिसली ती घरच्यांची समजूत काढून अस्सल खोका आणणाऱ्या मुलाला.

या कुलपांचा एक उशिरा कळलेला परिणाम सांगायला हवा. सेफडिस्क विंडोजच्या अगदी आतल्या थरात आपला ड्रायव्हर बसवत असे. स्टारफोर्स नावाचं दुसरं कुलूप तर त्यासाठी इतकं बदनाम झालं की २००६ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ते वापरणं सोडलं. २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून सेफडिस्कचा ड्रायव्हर ठेवलाच नाही. कपाटात जपून ठेवलेल्या कितीतरी अस्सल सीडी त्यामुळे निकामी झाल्या.

खरा पालट २००४ मधला. नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ २' आला तो स्टीमवर ॲक्टिव्हेट केल्याशिवाय न चालणारा. दुकानातून डिस्क आणली तरी इंटरनेट सक्तीचं. ठाणे आणि नवी मुंबई एमटीएनएलच्या हद्दीत. तेव्हा अनेक घरांत डायल-अप, म्हणजे नेट लावलं की फोन अडकला. पुढे ब्रॉडबँड आलं ते महिन्याच्या डेटा मर्यादेचं. कुलूप डिस्कवरून दूरच्या सर्व्हरवर गेलं, आणि त्याच्याशी बोलण्याचा खर्च आमच्या बिलात आला.

सप्टेंबर २००८ मध्ये 'स्पोर' आला तेव्हा तो फक्त तीन वेळा ॲक्टिव्हेट करता येत होता. ॲमेझॉनवर संतप्त ग्राहकांनी हजारोंनी एक तारा दिला, आणि तोच गेम त्या वर्षी सर्वाधिक चोरल्या गेलेल्या गेमांत गणला गेला. २०१० मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड २'साठी खेळताना सतत इंटरनेट चालू असण्याची अट घातली. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले खेळाडू बाहेर राहिले. ही अट कळवा-मुंब्र्यासारख्या भारनियमनाच्या भागात काय करत असेल याचा विचार ती घालणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही. लॅपटॉपची बॅटरी चालू, पण वीज गेल्याने राउटर बंद. एकट्याने खेळायचा गेम तिथल्या तिथे अडकायचा. २०१२ मध्ये 'डायब्लो ३'ला पहिल्याच दिवशी 'एरर ३७'ने अडवलं, २०१३ मध्ये 'सिमसिटी'चे सर्व्हर कोसळले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या गेम कन्सोलसाठी २४ तासांतून एकदा ऑनलाइन तपासणीची अट जाहीर केली आणि लोकांच्या रागामुळे जूनमध्ये मागे घेतली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खेळाडूंचा सर्वात मोठा विजय हाच.

२०१४ मध्ये 'फिफा १५'बरोबर ऑस्ट्रियातलं डेनुव्हो आलं. ते गेमच्या प्रोग्रॅमचे काही भाग गुंतागुंतीच्या स्वरूपात बदलतं आणि त्या मशीनपुरती मंजुरी सर्व्हरकडून आणतं. सुरुवातीला ते महिनोन्‌महिने तुटत नसे. जानेवारी २०१७ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ७' मात्र पाच दिवसांत फुटला. २०२१ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'ची अस्सल आवृत्ती गोळी झाडताना अडखळायची आणि क्रॅक केलेली सुरळीत चालायची. जुलैमध्ये तो बनवणाऱ्या कॅपकॉमने पॅच (दुरुस्तीची फाइल) देऊन चोरीविरोधी यंत्रणेत सुधारणा केल्याचं सांगितलं. पैसे भरणाऱ्याला कमी दर्जाचा माल मिळाल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेनुव्हो असलेले ८६ गेम तपासले गेले. पहिल्याच आठवड्यात क्रॅक आला तर उत्पन्न सरासरी २० टक्के घटतं, असा त्यातला अंदाज आहे. पण त्याच अभ्यासानुसार १२ आठवड्यांनंतर हे संरक्षण काढलं तरी तोटा जवळजवळ होत नाही. मग ते वर्षानुवर्षं का ठेवायचं? काही प्रकाशक पुढे ते काढतात, पण खरेदीच्या वेळी तशी तारीख कुणी सांगत नाही. दुसरीकडे २००८ पासून चालू असलेलं जीओजी हे ऑनलाइन दुकान कुलपाशिवायच गेम विकतं, आणि २०१५ चा 'द विचर ३' तिथे पहिल्या दिवसापासून तसाच मिळत होता.

आज घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत फायबर आहे आणि ऐरोली-महाप्याला डेटा सेंटरं उभी आहेत. नेट नसल्याची जुनी तक्रार बरीच निवळली. उरली ती मालकीची. जानेवारी २०२० मध्ये 'जीटीए ४'ची स्टीमवरची विक्री थांबली, कारण तो चालू करायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सेवेच्या कीज (ॲक्टिव्हेशनचे कोड) मिळेनाशा झाल्या होत्या. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेम चालेनासा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेच्या युरोपातल्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करू देतं. २०१२ च्या दुरुस्तीतलं कलम ६५अ कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामाला ते सूट देतं. म्हणजे ठाण्यातल्या ग्राहकाला बॅकअपची मुभा कागदावर आहे. पण गेमची मंजुरीच परदेशातल्या सर्व्हरवर असेल, तर तो सर्व्हर बंद झाल्यावर ती बॅकअप प्रत चालवणार कशी, हे या दोन्ही कलमांत कुठेच नाही.