रेट सिंड्रोम: जनुक सापडलं, तरी निदान लक्षणांवरच का?

रेट सिंड्रोम हा मेंदूच्या विकासाचा, बहुतेक मुलींत दिसणारा जनुकीय आजार. १९५४ साली व्हिएन्नातल्या आंद्रेआस रेट या बालरोगतज्ज्ञांना दवाखान्यात दोन मुली अगदी एकसारखे हात पिळताना दिसल्या. १९६६ मध्ये त्यांनी त्यावर जर्मन भाषेत लिहिलं, पण फारशी दखल कुणी घेतली नाही. स्वीडन, फ्रान्स आणि पोर्तुगालमधल्या ३५ मुलींचा अभ्यास १९८३ मध्ये इंग्रजीत आला, तेव्हा कुठे हा आजार जगाला माहीत झाला. १९९९ मध्ये त्यामागचं, एक्स गुणसूत्रावरचं एमईसीपी२ हे जनुक सापडलं.

आता रक्ताची तपासणी केली की झालं, असं अनेकांना वाटलं. पण लक्षणं ठळक असूनही काही मुलींत या जनुकात बदल सापडत नाही, आणि बदल असूनही रेट नसलेल्या व्यक्ती आहेत. म्हणून २०१० च्या सुधारित निकषांतही निदान लक्षणांवरच राहिलं. रिग्रेशन, म्हणजे शिकून आलेलं जाणं, आणि नंतर स्थिरावणं किंवा थोडं सावरणं, ही अट सक्तीची झाली. त्याशिवाय हातांचं कौशल्य जाणं, बोलणं जाणं, चाल बिघडणं आणि हात पिळणं, टाळ्या वाजवणं, हात तोंडात घालणं अशा त्याच त्या हालचाली, हे मुख्य निकष. डोक्याची वाढ मंदावणं सगळ्यांत दिसत नाही, त्यामुळे ते सक्तीच्या यादीतून निघालं आणि शंका यावी एवढ्यापुरतं उरलं.

खरा वाद रिग्रेशनच्या सक्तीचा. तीन वर्षांखालच्या मुलीच्या जनुकात बदल आहे, पण रिग्रेशन स्पष्ट नाही, तर 'संभाव्य रेट' म्हणायचं आणि दर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. शास्त्र म्हणून हे योग्यच आहे. नुसत्या अहवालावरून मुलीवर शिक्का मारणं त्याहून वाईट. पण आईवडिलांना मात्र लेकीचं आलेलं जाण्याची वाट बघत बसावं लागतं. तोवर फिजिओथेरपी आणि संवादाचे उपाय अडवून ठेवायचं काहीच कारण नाही.

सहायक लक्षणांत जागेपणी श्वासाची लय बिघडणं, दात खाणं, पाठीचा कणा वाकणं, हातपाय गार पडणं हे येतं. त्यातच आहे डोळ्यांनी बोलणं. तहान लागली की मुलगी पेल्याकडे बघते, मग आईकडे, पुन्हा पेल्याकडे. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाने १९९४ मध्ये रेटला ऑटिझमच्या गटात बसवलं होतं. २०१३ मध्ये ती स्वतंत्र नोंद काढली. ऑटिझममध्ये नजरेला नजर देणं सहसा कमी असतं, त्यामुळे ही नजर ओळखणाऱ्यांना तो गट कधी पटलाच नव्हता.

२००७ मध्ये उंदरांत जनुकाचं काम पुन्हा सुरू केल्यावर लक्षणं मागे हटली. २०२३ मध्ये अमेरिकेत दोन वर्षांपुढच्या रुग्णांसाठी पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. जनुकातला दोष मात्र त्याने दुरुस्त होत नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत रेटचं नाव नाही. त्यामुळे दाखला काढायचा तो बौद्धिक किंवा बहुविकलांगतेसारख्या दुसऱ्याच प्रकाराखाली.