हिमवृष्टीत अडकलेल्या वाहनचालकांना मदत

बर्फ पडत असताना किंवा रस्त्यावर बर्फ साचलेला असताना घसरून, रुतून अथवा बंद पडून अडकलेल्या वाहनातील माणसांना इतर चालकांनी वा बचाव यंत्रणांनी केलेले साहाय्य. शीत कटिबंधातील देशांत आणि उंच घाटरस्त्यांवर हा प्रसंग हिवाळ्यात नेहमीचा असतो. या मदतीत आधी मागून येणारी रहदारी सांभाळायची, मग गाडीतली माणसे पाहायची आणि गाडी सर्वांत शेवटी, असा क्रम धरला जातो. वाटेत थांबणारा उत्साही माणूस मात्र हातात दोर घेऊनच उतरतो आणि क्रम नेमका उलटा होतो.

रस्ता आणि थांबण्याची जागा

कोरड्या डांबरावर टायर व रस्ता यांच्यातील घर्षणांक साधारण ०·७ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०·२ च्या आसपास येतो आणि पाणी गोठून झालेल्या गुळगुळीत थरावर ०·१ किंवा त्याहूनही खाली जातो. ताशी ५० किमी. वेगाची गाडी ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मी., घट्ट बर्फावर सुमारे ५० मी. आणि गोठलेल्या थरावर जवळजवळ १०० मी. जाऊन थांबते. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असते तेव्हा पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि रस्ता सर्वांत निसरडा होतो. कडाक्याच्या थंडीत पकड उलट थोडी बरी मिळते. पुलांना वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागत असल्याने ते इतर रस्त्याच्या आधी गोठतात. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले साधे मीठही उणे ९ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही.

यातून निघणारी एक गोष्ट मदतीला थांबणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही. एक गाडी ज्या वळणावर घसरली, त्याच वळणावर, त्याच कारणाने दुसरीही घसरते आणि साधारण त्याच ठिकाणी येऊन आदळते. म्हणजे अडकलेल्या गाडीशेजारची जागा ही त्या संपूर्ण रस्त्यावरची सर्वांत धोक्याची जागा असते. आपली गाडी वळणाच्या किंवा चढाच्या पुढे, मागच्यांना लांबून दिसेल अशा सपाट ठिकाणी, रस्त्याच्या कडेला घ्यावी लागते. चारही इंडिकेटर चालू ठेवायचे, गडद कपड्यांवर चकाकणारे जाकीट घालायचे आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत क्षणभरही उभे राहायचे नाही. रहदारीकडे पाठ करू नये. लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडून चालावे. मात्र कडेचा बर्फ पाय टाकण्याआधी काठीने चाचपावा, कारण खाली गटार आहे की खड्डा हे वरून कळत नाही. विजेची तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नये आणि गाडीतल्यांनाही आतच बसायला सांगावे.

धोक्याची सूचना देणारा त्रिकोण किती मागे ठेवायचा याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनच्या रस्ता नियमावलीत साध्या रस्त्यावर किमान ४५ मी. अंतर सांगितले आहे आणि मोटरवेवर (द्रुतगती मार्गावर) त्रिकोण ठेवूच नये असे म्हटले आहे, कारण तो ठेवायला जाणारा माणूसच गाडीखाली येण्याची भीती असते. वर दिलेली थांबण्याची अंतरे पाहता बर्फात ४५ मी. अपुरे पडतात. शिवाय त्रिकोण वाऱ्याने पडतो, बर्फाखाली झाकला जातो. त्यावर मधूनमधून नजर ठेवावी लागते.

सुरक्षित जागा मिळतच नसेल तर न थांबता पुढे जावे आणि आपत्कालीन क्रमांकावर (युरोपीय संघात ११२, अमेरिका व कॅनडात ९११) ठिकाण, दिशा, गाडीचा रंग आणि दिसलेली माणसे कळवावीत. ही पळवाट नव्हे. बर्फ हटवणाऱ्या यंत्राच्या चालकाला, पोलिसांना आणि रुग्णवाहिकेला नेमकी हीच माहिती हवी असते, आणि अडकलेल्या चालकाला अनेकदा आपण नक्की कुठे आहोत हेच सांगता येत नाही.

गाडीतली माणसे

अनोळखी माणूस बर्फातून चालत येऊन काच ठोठावतो तेव्हा आतले घाबरतात, विशेषतः एकटी बाई किंवा लहान मुले सोबत असलेले कुटुंब असेल तर. हात दिसतील असे उभे राहावे, बंद काचेतूनच बोलावे, दार उघडण्याचा आग्रह धरू नये. किती जण आहेत, कुणाला लागले आहे का, इंधन आणि फोनची बॅटरी किती उरली, कुणाचे औषध चुकते आहे का, एवढे विचारून झाले की पुढचे काम सायलेन्सरचे तोंड पाहण्याचे.

बर्फात अडकलेल्या गाडीत थंडीइतकाच घातक ठरतो तो कार्बन मोनॉक्साइड वायू. सायलेन्सर बर्फाने बुजला की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे थकव्यासारखी वाटतात आणि माणूस हीटरच्या उबेत झोपी जातो. फेब्रुवारी १९७८ च्या हिमवादळात अमेरिकेत बॉस्टनजवळ रूट १२८ या महामार्गावर ३ हजारांहून अधिक वाहने गाडली गेली, तेव्हा अडकलेल्या गाड्यांत याच वायूने माणसे मेली. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या आणि किमान २२ जण मरण पावले. त्यांतील काहींच्या बाबतीतही कार्बन मोनॉक्साइडचाच संशय व्यक्त झाला.

म्हणून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने किंवा फावड्याने मोकळा करणे हे दोन मिनिटांचे काम गाडी ओढण्यापेक्षा मोलाचे ठरते. इंजिन तासाला सुमारे १० मिनिटेच चालवावे, दर वेळी सुरू करण्याआधी सायलेन्सर पुन्हा पाहावा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. वाऱ्याने उडणारा बर्फ मोकळी केलेली जागा बघता बघता भरून काढतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत हा धोका नसतो. तिथे प्रश्न फक्त बॅटरी किती वेळ पुरेल एवढाच राहतो.

मदत येईपर्यंत गाडी सोडून चालत निघू नये, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे. हिमवादळात समोरचे काही फूटही दिसत नाहीत. त्यात हवा उणे १० अंश आणि वारा ताशी ४० किमी. असेल तर उघड्या त्वचेला तो गारठा उणे २१ अंशांइतका जाणवतो. उभी गाडी शोधकांना सापडते, भरकटलेला माणूस सापडत नाही. अडकलेल्यांना आपल्या गाडीत घेतले तर रिकाम्या गाडीच्या काचेवर आतून चिठ्ठी लावावी आणि किती जण, कुठे, केव्हा गेले हे तिच्यात लिहावे. अन्यथा बचावपथक त्याच गाडीभोवती बर्फ उकरत बसते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. प्रथम जोरात कापरे भरते, बोलणे अडखळते, बोटांना साधी चेन लावता येत नाही. पुढे कापरे थांबते. याचा अर्थ माणूस सावरला असा नसून त्याची अवस्था बिघडली असा आहे. काही जण या टप्प्यावर उकडते म्हणून कपडे काढू लागतात. ओले कपडे बदलून आधी छाती, मान व पोट उबदार करायचे. शुद्धीवर असलेल्याला गरम, गोड पेय चालते. मद्य देऊ नये, कारण त्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर जाते. पांढऱ्या पडलेल्या, बधिर बोटांना बर्फाने चोळण्याची जुनी रीत अपायकारक आहे. तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तो वितळवूही नये. झाकून दवाखान्यात न्यावे.

गाडी बाहेर काढणे

सपाट जागी, कुणाला इजा झालेली नसताना आणि रहदारी सांभाळायला एक माणूस असतानाच या कामाला हात घालावा. चाक जागच्या जागी फिरत राहिले की घर्षणाच्या उष्णतेने खालचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि आधीपेक्षा गुळगुळीत होतो. म्हणून ॲक्सिलरेटर दाबत राहणे हा सर्वांत वाईट उपाय. चाकांच्या पुढचा-मागचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ काढावा, स्टिअरिंग सरळ करावे, चाकाखाली वाळू किंवा खडी टाकावी, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच क्लच सोडावा. पायपुसणी चाकाखाली घालण्याचा उपाय चालतो, पण ती मागे जोराने फेकली जातात, तेव्हा त्या रेषेत कुणी उभे नको. ढकलणाऱ्यांनी उताराच्या खालच्या बाजूला कधीही जाऊ नये. थंडीत रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात. त्यात फावडे मारण्याची सवय नसलेल्याने घाईने बर्फ उपसला तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

ओढण्याचे काम दिसते सोपे. ताणलेला दोर किंवा पट्टा बरीच ऊर्जा साठवतो आणि त्याचे टोक सुटले की हूक बंदुकीच्या गोळीसारखा काच फोडून आत येतो. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे जो गोळा असतो, त्याला दोर अडकवणे विशेष घातक. तो गोळा झटक्याचा ताण सोसण्यासाठी बनवलेला नसतो आणि तुटून उडाल्याने माणसे दगावलेली आहेत. कंपनीने दिलेल्या ओढण्याच्या कडीतच दोर अडकवावा. दोराच्या मध्यावर जाड कोट किंवा घोंगडी टाकली तर तो तुटल्यास उसळी कमी होते. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर राहावे. झटका देऊन ओढणे टाळावे. गाडी उतारावर कलंडलेली असेल, खड्ड्यात एका कुशीवर असेल किंवा ओढणाऱ्याच्याच टायरना पकड नसेल, तर हे काम क्रेनवाल्याचे. अनेक विद्युत गाड्या चाके जमिनीवर ठेवून ओढता येत नाहीत. त्या गाडीवाहू ट्रकवरच चढवाव्या लागतात.

थंडीत बॅटरीची ताकद बरीच घटते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून बंद गाडी सुरू करताना, म्हणजे जंप देताना, लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात, जेणेकरून ठिणगी उतरलेल्या बॅटरीपासून दूर पडेल. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्राव उणे ७ अंशांच्या आसपासच गोठू शकतो. कवच फुगलेले किंवा तडकलेले दिसले तर जंप देऊ नये. अशी बॅटरी फुटते.

मोठ्या कोंड्या

एका गाडीची अडचण आणि हजारो गाड्यांची कोंडी यांत फरक असा, की दुसऱ्या प्रसंगी बाहेरची मदत पोचायला रस्ताच उरत नाही आणि शेजारच्या गाडीतला माणूस हाच एकमेव मदतनीस असतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आय-९५ महामार्गावर सुमारे ८० किमी. लांबीची कोंडी झाली आणि काही जण २४ तासांहून अधिक काळ अडकून पडले. कोंडीत सापडलेल्या एका बेकरीच्या ट्रकमधले पाव तेव्हा आजूबाजूच्या गाड्यांत वाटण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये जपानच्या कानएत्सू द्रुतगती मार्गावर दोन हजारांवर वाहने अडकली. काहींना बाहेर पडायला दोन दिवस लागले आणि स्वसंरक्षण दलाच्या जवानांनी पायी फिरून अन्न वाटले.

नॉर्वेत डोंगरी रस्त्यांवर हवा बिघडली की वाहनांना एकेकटे सोडत नाहीत. बर्फ हटवणाऱ्या यंत्रामागून त्यांचा तांडा नेला जातो. गाडी अशी सोबत घेऊन जाण्याजोगी नसेल, तर तिला तांड्यात घेण्यास नकारही मिळतो.

कायदा

जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ३२३ क नुसार अपघातात शक्य असलेली मदत न करणे हा गुन्हा आहे. मात्र स्वतःला मोठा धोका पत्करण्याची सक्ती त्यात नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मदत करण्याचीच सक्ती नाही. सद्भावनेने मदत करणाऱ्याला नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे मात्र राज्याराज्यांत आहेत. रस्त्याकडेला उभ्या आपत्कालीन वाहनाजवळून जाताना वेग कमी करणे किंवा पलीकडची मार्गिका धरणे हे तिथल्या पन्नासही राज्यांत बंधनकारक आहे. या नियमाचे संरक्षण प्रत्येक राज्यात साध्या खासगी गाडीला मिळतेच असे नाही.