एल निनो आणि मराठवाड्याचा पाऊस : पार्श्वभूमी

मे महिन्यात 'यंदा एल निनो', म्हणजे पॅसिफिक महासागरातलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणार, अशी बातमी आली की मराठवाड्यात बियाण्याच्या दुकानापासून गावच्या पारापर्यंत एकच विषय असतो: सोयाबीन घ्यायचं की कमी पाण्याचं काही बघायचं? ही काळजी अनाठायी नाही. पण एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण अर्धंच खरं आहे. ते समजून घ्यायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानालाही त्याची झळ बसली. भारतीय हवामान खातं नुकतंच, 1875 मध्ये, सुरू झालं होतं. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली: बर्फ जास्त पडला, तर पाऊस कमी. काही वर्षं ते जमलंही. 1899 मध्ये मात्र अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि वाट्याला आला भीषण दुष्काळ.

पुढे 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. ते गणिती होते, हवामानशास्त्राशी त्यांचा आधी संबंध नव्हता. जगभरच्या केंद्रांमधले दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे त्यांनी गोळा केले आणि भारतीय कारकुनांकडून हाताने त्यांचा हिशेब करून घेतला. त्यातून एक गोष्ट पुढे आली. पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो, तराजूच्या पारड्यांसारखा. वॉकर यांनी याला 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. ते शोधत होते भारताचा मान्सून, हाती लागलं अर्ध्या जगाचं हवामान! हे का घडतं, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही, कारण समुद्राच्या तापमानाच्या पुरेशा नोंदीच नव्हत्या.

ते कोडं 1969 मध्ये हवामानशास्त्रज्ञ जेकब ब्यर्कनेस यांनी उलगडलं. एरवी पॅसिफिकवरचे व्यापारी वारे कोमट पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. तिथे हवा वर चढते, ढग बनतात. हे वारे मंदावले की कोमट पाणी पेरूकडे सरकतं, हाच एल निनो. हवा वर चढण्याची जागाही त्याच्यामागे पूर्वेला जाते, आपल्या बाजूला हवा खाली बसते आणि मान्सूनचे वारे अशक्त होतात.

1972 चं वर्ष असंच होतं. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, अमेरिकेतून आलेला लाल मिलो (ज्वारी), हे सगळं मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही येतं. रोजगार हमी योजना याच दुष्काळातून उभी राहिली. 2015 चा एल निनोही तसाच जबर होता. त्याआधीचं वर्षही तुटीचं गेलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं.

पण 1997 चं काय? त्या वर्षीचा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. उलट 2002 चा एल निनो बेताचाच, आणि त्या जुलैत देशात निम्मासुद्धा पाऊस पडला नाही. 1999 मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 'इंडियन ओशन डायपोल' जगासमोर मांडला, तेव्हा या विसंगतीचा मोठा भाग उलगडला. हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू इंडोनेशियाकडच्या बाजूपेक्षा जास्त तापली, तर मान्सूनला बळ मिळतं. 1997 मध्ये नेमकं तसंच घडलं होतं.

मराठवाड्याची गत यात आणखी नाजूक. सह्याद्री ओलांडताना अरबी समुद्राकडचे वारे बरंचसं पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकून येतात. मग भिस्त उरते ती बंगालच्या उपसागरातून विदर्भमार्गे येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. मान्सूनचा आस (उत्तर भारतावरून जाणारी कमी दाबाची रेषा) हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की हे पट्टे इकडे फिरकत नाहीत आणि खंड पडतो. 2023 च्या एल निनोत हेच झालं. हंगामअखेर देशाची सरासरी 94 टक्के भरली, पण ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. सोयाबीन फुलावर, शेंगा धरायच्या बेतात, आणि काळ्या रानाला भेगा. त्या शेतकऱ्याला 94 टक्क्यांचा काय उपयोग? माझ्या मते मराठवाड्यासाठी हंगामाच्या एकूण आकड्यापेक्षा खंड कधी आणि किती दिवसांचा, हाच खरा प्रश्न आहे.

आता यात नवी भर पडली आहे ती तापणाऱ्या हिंदी महासागराची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की या महासागराचा पश्चिम भाग शतकभरात उन्हाळ्यात सुमारे 1.2 अंशांनी तापला. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर मान्सूनचे वारे चालतात, आणि तो फरक त्यामुळे कमी होतो. त्याच वेळी तापलेल्या समुद्रावरून बाष्प जास्त उठतं. म्हणून गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतात एकूण पाऊस घटूनही, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. सप्टेंबर 2025 मध्ये बीड-धाराशिवकडे नदीकाठची जमीन मातीसकट खरवडून गेली, त्या वर्षी एल निनो नव्हता.