वकिलातीची जमीन कुणाची?

बडोद्याच्या दांडिया बाजारात व्हिसाच्या गप्पा निघाल्या की हमखास ऐकू येतं: मुंबईच्या अमेरिकन वकिलातीचं फाटक ओलांडलं की आपण अमेरिकेच्या भूमीवर. साफ चुकीचं. जमीन भारताची, कायदाही भारताचाच. तिथे मूल जन्मलं तरी तेवढ्यावर ते अमेरिकन ठरत नाही.

घोळ होतो तो प्रवेशबंदीमुळे. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दिल्लीतल्या दूतावासात प्रमुखाच्या संमतीशिवाय पोलीस शिरू शकत नाहीत. आग लागली तरी बंबवाल्यांना विचारावंच लागतं. मुंबईतली मात्र वाणिज्य वकिलात, म्हणजे व्हिसासारखी कामं पाहणारी कचेरी; तिला १९६३ चा वेगळा व्हिएन्ना करार लागू. तिथे आगीत संमती गृहीत धरता येते आणि संरक्षण फक्त कामकाजाच्या भागाला. माणसांचंही तेच: राजदूताला अटक होत नाही, वाणिज्यदूताला गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या हुकमाने होऊ शकते.