डोळे ‘आलेले’ नसतात तेव्हा

सकाळी उठावं तर पापण्या सुजलेल्या, डोळे लाल, आत वाळू गेल्यासारखं खुपतंय, वर बघताना मागून कुणी ओढावं तसं दुखतंय. आपल्याकडे याला एकच नाव तयार असतं: डोळे आले. माझ्या ताईचं तसंच झालं. आधी डोळे आले म्हणून थेंब, मग ॲलर्जी म्हणून दुसरे थेंब, असे चार महिने गेले. थायरॉइडच्या गोळ्या सुरू होत्या, रक्ताचा रिपोर्टही नॉर्मल आला होता, त्यामुळे डोळ्यांचा संबंध तिकडे कुणी जोडलाच नाही. शेवटी निदान झालं ते थायरॉइडच्या विकारातून होणाऱ्या डोळ्यांच्या आजाराचं, म्हणजे ‘थायरॉइड आय डिसीज’चं. मग मी या आजाराचा इतिहास वाचत गेले, तेव्हा कळलं की हा गोंधळ फार जुना आहे.

इंग्लंडमधल्या बाथ शहरात डॉ. केलेब पॅरी यांनी १७८६ साली ३७ वर्षांची एक बाई तपासली. धडधडणारं हृदय, फुगलेला गळा आणि खोबणीतून बाहेर आलेले डोळे, असं त्यांनी टिपून ठेवलं. ते टिपण छापलं गेलं १८२५ मध्ये, पॅरी वारल्यानंतर. पुढे १८३५ मध्ये डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी आपल्या व्याख्यानात विशीतल्या एका स्त्रीची हकीकत सांगितली. तिची लक्षणं सुरुवातीला ‘हिस्टेरिया’ म्हणून सोडून दिली होती. झोपल्यावर तिच्या पापण्या मिटत नसत आणि डोळे उघडे असताना बुबुळाभोवती सगळीकडून पांढरा भाग दिसे. हे वाचताना मला ताईच आठवली. रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठले, तर ती गाढ झोपेत होती आणि दोन्ही पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसत होतं. रात्रभर उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो आणि सकाळी खुपतो. आता झोपताना ती डोळ्यांत मलम घालते आणि पापणीवर कागदी चिकटपट्टी लावते. उशीच्या अभ्र्यावर मलमाचे डाग पडतात, पण सकाळ बरी जाते.

जर्मनीतल्या मेर्सेबुर्गचे कार्ल फॉन बासेडोव यांनी १८४० मध्ये गलगंड, धडधड आणि बाहेर आलेले डोळे हे त्रिकूट एकत्र मांडलं. आपली पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून आली म्हणून थायरॉइडच्या या विकाराला आपण ‘ग्रेव्ह्ज डिसीज’ म्हणतो, जर्मनीत आजही बासेडोवचं नाव घेतात. मला मात्र बासेडोव यांच्या लेखाचं शीर्षकच जास्त मोलाचं वाटतं. डोळे बाहेर येण्याचं कारण त्यांनी खोबणीतल्या पेशीजालाच्या वाढीत आहे असं त्यात सरळ म्हटलं होतं. म्हणजे बिघाड डोळ्याच्या मागे आहे, हे १८४० सालीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. पुढच्या काळात सगळ्यांचं लक्ष गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर गेलं. ग्रंथी कापा, औषधाने शांत करा, किरणोत्सारी आयोडीनने जाळा. डोळे आपोआप जागेवर येतील, अशी अपेक्षा. काहींचे यायचे. अनेकांचे येत नसत.

ते का, याचं उत्तर दोन टप्प्यांत मिळालं. ऑस्ट्रेलियन सर्जन एफ. एफ. रंडल यांनी ग्रंथीच्या ऑपरेशननंतर डोळ्यांचं काय होतं हे मापं घेत पाहिलं आणि १९४५ मध्ये मांडलं. आजार काही महिने चढतो, मग थबकतो, मग हळूहळू उतरतो, पण पहिल्या जागी पुरता परत येत नाही. या आलेखाला आजही रंडलचा आलेख म्हणतात. चढता, धगधगता काळ साधारण सहा महिने ते दोन वर्षं चालतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो लांबतो आणि आजार जास्त उग्र होतो. दुसरा टप्पा १९५६ चा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे ॲडम्स आणि पर्व्हस यांना काही रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला बराच वेळ चेतवत ठेवणारा पदार्थ सापडला. तो शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडं आहेत, हे नंतर कळलं. ग्रंथीच्या पेशींवर ज्या खुणेला ती चिकटतात, तशीच खूण डोळ्यामागच्या पेशींवरही असते. म्हणून रक्तातली टी३, टी४ ही थायरॉइडची संप्रेरकं ताळ्यावर आली तरी डोळ्यांतली आग चालूच राहू शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग होईल कमी’ हे वाक्य ऐकलेल्या प्रत्येकाला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

खोबण हाडांची असते आणि आत जागा केवढी, तर सुमारे ३० मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाचं छोटं झाकण तीनदा भरावं एवढी. तिथले स्नायू आणि चरबी सुजली की हाड हलत नाही, डोळाच पुढे सरकतो. रात्री आडवं झोपल्याने पाणी तिथे साठतं, म्हणून सूज सकाळी जास्त असते. उशाला दोन उशा घेणं किंवा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवणं हा उपाय त्यासाठीच. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, उन्हात गॉगल, डोळ्यांवर गार ओलं फडकं. रंग फिके वाटायला लागले किंवा अंधुक दिसायला लागलं, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आत दृष्टीची नस दाबली जात असू शकते.

मुंबईशी या इतिहासाचा एक धागा आहे. परळला १९६३ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घ्यायला माणसं लांबून तिथे येतात. त्या उपचाराविषयी १९९८ मध्ये इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसतं आयोडीन दिलेल्या १५० पैकी २३ जणांचे डोळे बिघडले. सोबत स्टिरॉइड दिलेल्या १४५ पैकी एकाचेही नाही. तेव्हा आयोडीनचा विषय निघाला, तर डोळ्यांचा त्रास आधी सांगायचा.

जोराचा दाह असेल तर शिरेतून स्टिरॉइड देतात, बहुधा आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. मुळात कर्करोगासाठी तयार झालेलं टेप्रोट्युम्युमॅब हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. तीन आठवड्यांच्या अंतराने आठ सलाइन. रक्तातली साखर आणि ऐकू येणं यांवर लक्ष ठेवावं लागतं. ऑपरेशन शक्यतो आजार थंडावल्यावर करतात, क्रमही ठरलेला: गरज असेल तर आधी खोबणीचं हाड काढून जागा करणं, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या.

डोळा किती पुढे आला हे हर्टेल यांच्या १९०५ च्या उपकरणाने मिलिमीटरमध्ये मोजतात. ताईचं माप गेल्या तीन तपासण्यांत २३ वरच आहे. तिरळेपणाच्या ऑपरेशनची तारीख अजून मिळायची आहे. तोवर चष्म्याच्या डाव्या काचेवर प्रिझमची पातळ पट्टी चिकटवून दिली आहे, आणि जिना उतरताना तिला पायरीच्या दोन कडा दिसायच्या, तिथे आता एकच दिसते.