तळ्याच्या गाळात पुरलेलं जंगल

पाइनचा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला चुकत नाही. मधे गोलसर देह आणि दोन बाजूंना हवेच्या दोन फुगीर पिशव्या. गवताचा कण अगदी साधा, गोटीसारखा. त्याला एकच छिद्र आणि छिद्राभोवती एक कडं. बर्च या झाडाच्या कणाला बहुधा तीन छिद्रं असतात, एल्म या झाडाच्या कणाला चार-पाच, शिवाय त्याच्या पृष्ठभागावर सुरकुत्या. बहुतेक परागकण १० ते १०० मायक्रोमीटर आकाराचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढे. नुसत्या डोळ्यांना ती पिवळसर धूळ दिसते. पण ही धूळ दहा हजार वर्षांपूर्वीची असली तरी ती कोणत्या झाडाची हे सांगता येतं, आणि मला या शास्त्राची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे.

कण इतका टिकतो तो त्याच्या कवचामुळे. हे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत चिवट पदार्थाचं असतं. आतला जिवंत भाग लवकरच नाहीसा होतो, कवच मात्र नक्षीसकट शिल्लक राहतं. अट एकच, त्याला हवा लागता कामा नये. वारंवार ओल्या-सुक्या होणाऱ्या मातीत हे कवचही कुजतं. तळ्याच्या तळाशी प्राणवायू फारसा पोचत नाही. वाऱ्याने आणि ओढ्यांनी आणलेले कण तिथे बुडतात, वर गाळ बसतो, त्यावर पुढच्या वर्षीचा.

हा गाळ लांब नळी खुपसून उभाच्या उभा वर काढतात. जितकं खोल, तितकं जुनं. थरांचं वय त्यांत सापडणाऱ्या पानांवरून आणि बियांवरून, कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार मोजून ठरवतात. ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालते. जपानमधल्या सुईगेत्सु तळ्यात तर वर्षावर्षाचे फिकट आणि गडद थर आहेत, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे मोजता येणारे.

प्रयोगशाळेत चिमूटभर गाळातून परागकण वेगळे करायचे म्हणजे बाकी सगळं नष्ट करायचं. वाळू आणि चिकणमाती घालवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. हे आम्ल काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवावं लागतं. ज्या आम्लापुढे काच टिकत नाही, त्यातून परागकणाचं नाजूक दिसणारं कवच सुखरूप बाहेर येतं! मग मोजणी सुरू होते. प्रत्येक नमुन्यातले तीनशे ते पाचशे कण एकेक करून ओळखायचे. शंभर थर तपासायचे म्हणजे तीस ते पन्नास हजार कण. यात घाई चालत नाही.

स्वीडनच्या लेनार्ट फोन पोस्ट यांनी १९१६ साली अशा मोजणीतून कोणत्या झाडाचे कण शेकडा किती, याचे थरवार आलेख मांडले आणि जंगलाचा इतिहास आकड्यांत वाचता येऊ लागला. पण परागकण म्हणजे झाड नव्हे. वाऱ्यावर भिस्त ठेवणारा पाइन अमाप पराग उधळतो आणि तो कितीतरी दूर जातो. कीटकांकडून परागण करून घेणारी झाडं मोजकेच कण तयार करतात. त्यामुळे गाळात पाइन भरपूर मिळाला, तरी तळ्याकाठी पाइनचं जंगल होतंच असं नाही.

टक्केवारीचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. समजा एका थरात गवताचे १०० आणि पाइनचे १०० कण पडले. गवत ५० टक्के. काही शतकांनी पाइन वाढला, त्याचे ३०० झाले, गवताचे तेवढेच १०० राहिले. आता गवत २५ टक्के. गवताची एक काडीही कमी झालेली नाही, पण आलेखात ते निम्म्यावर आलं! यावर एक सुंदर तोड आहे. नमुन्यात लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी आधीच विरघळवायची. गोळीत किती बीजाणू आहेत हे माहीत असतं. त्यांपैकी दहावा हिस्सा आपल्या मोजणीत आला, तर परागकणांचाही दहावा हिस्साच आपण मोजला. मग टक्केवारीच्या पलीकडे जाऊन खरी संख्या काढता येते.

झाडांवरून हवामानाकडे जायचं, तर आधी आजचा हिशोब लागतो. आजच्या असंख्य तळ्यांच्या तळावरचा ताजा गाळ तपासतात आणि तिथलं तापमान, पाऊस यांच्याशी परागकणांचं प्रमाण ताडून पाहतात. जुन्या थराशी जुळणारा आजचा प्रदेश सापडला, की तेव्हाच्या हवामानाचा अंदाज बांधता येतो. मात्र शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम १९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १९० भागांच्या, आसपास होता. इतक्या कमी प्रमाणात पानांना तेवढाच कार्बन मिळवायला पर्णरंध्रं जास्त उघडी ठेवावी लागतात, आणि पाणी जास्त उडून जातं. म्हणजे पाऊस तोच असूनही झाडं विरळ होऊ शकतात. ही गोष्ट हिशोबात धरली नाही, तर त्या काळाला आपण होता त्याहून कोरडा ठरवून बसतो.

कधीकधी तर हवामानाचा प्रश्नच बाजूला राहतो. वायव्य युरोपात सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या थरांत एल्मचे कण एकाएकी घटतात, आणि तेही एका तळ्यात नव्हे, कितीतरी ठिकाणी. थंडी वाढली म्हणावं, तर बाकीची झाडं तशी साक्ष देत नाहीत. त्याच सुमारास शेतीही येत होती, आणि मोकळ्या, तुडवलेल्या जमिनीवर उगवणाऱ्या प्लँटेन या तणाचे कण अनेक ठिकाणी दिसू लागतात. मग माणसाने एल्म तोडले, की रोगाने ते गेले? लंडनच्या हॅम्पस्टेड हीथमधल्या गाळात, एल्म घटण्याच्या सुमाराच्या थरांत, सालीखाली राहणाऱ्या एका भुंगेऱ्याचे अवशेष मिळाले. आज एल्मचा जीवघेणा बुरशीजन्य रोग झाडाझाडांवर पोचवणारी हीच जात आहे. तेव्हापासून या प्रश्नाचा शोध घेताना परागकणांच्या बरोबरीने त्याच थरातले जळक्या लाकडाच्या कोळशाचे कण आणि कीटकांच्या पंखांचे तुकडेही पाहिले जातात.