मॅटवरून रग्बीच्या मैदानात : सोलापूरच्या मुलींसाठी थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात मुलीच्या हाती लंबगोल चेंडू येतो तो बहुधा उशिराच, खो-खो किंवा कबड्डीचे चार-पाच हंगाम झाल्यावर. त्यात कमीपणा मानायचे कारण नाही. महिला रग्बी जगभर दुसऱ्या खेळांतून आलेल्या मुलींवरच उभी राहिली. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन मूळची नेटबॉलची खेळाडू. 2012 मध्ये ऑलिंपिकसाठी इतर खेळांतल्या मुली शोधण्याची मोहीम निघाली, तिच्यातून ती रग्बीत आली.

पहिला महिला विश्वचषक 1991 मध्ये वेल्समध्ये झाला. संघ 12. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती आणि पैसाही नव्हता. सोव्हिएत संघाने तर खर्चासाठी व्होडका विकायला आणली होती! कार्डिफच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला 19-6 हरवले. महासंघाने आधीपासून मान्यता दिलेली पहिली स्पर्धा 1998 ची, ॲमस्टरडॅमची. पगारी खेळाडू त्याहून अलीकडच्या. इंग्लंडने 28 खेळाडूंना पूर्णवेळ करार दिले ते जानेवारी 2019 पासून.

आपल्याकडे मुलींनी सुरुवात सेव्हन्सने, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीने केली, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पंधरा-पंधरा जणींच्या सामन्याला राखीव धरून 23 जणी लागतात, तर सेव्हन्सला बारा. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे एका दिवसात दोन-तीन सहज होतात. जिल्ह्याच्या संघाला हेच झेपते. शिवाय सेव्हन्स 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये आले. भारताचा महिलांचा पंधराचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो 2018 मध्ये, सिंगापुरात, पुण्याच्या वाहबिज भरूचा हिच्या नेतृत्वाखाली. पुढच्याच वर्षी मनिलात सिंगापूरला 21-19 हरवून पहिला विजय मिळाला.

आता मुद्द्याचे. कबड्डीची मुलगी पकडीला घाबरत नाही, ही तिची कमाई. पण तिच्या दोन सवयी रग्बीत महागात पडतात. चढाईपटूला शेवटपर्यंत सोडायचे नाही हे तिच्या अंगात भिनलेले असते. रग्बीत मात्र चेंडूवाली खाली आली की पकड लगेच सोडावी लागते, नाहीतर पेनल्टी, आणि समोरच्या संघाला खांबांमधून किक मारून तीन गुण मिळवायची संधी. दुसरी सवय जास्त धोक्याची आहे : पट काढताना, म्हणजे पाय धरून पाडताना, डोके धावणारीच्या पुढ्यात घालणे. रग्बीत गुडघा किंवा नितंब थेट कानशिलावर आदळतो. डोके नेहमी तिच्या मागच्या बाजूला, गाल तिच्या पार्श्वभागाला टेकलेला, नजर वर, खांदा आधी आणि मग हातांचा वेढा. पहिले काही आठवडे हे दोघींनी गुडघ्यांवर बसून करावे, मग चालत, मग धावत. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलगी बाहेर, त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही.

खो-खोची मुलगी हुलकावणी आणि सूर घेऊनच येते, त्यामुळे ती कडेला चटकन शोभते. तिला अडते ते चेंडू पास करताना. धावायचे पुढे, पण हाताने चेंडू द्यायचा बाजूला किंवा मागे. पुढे गेला की स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकींना भिडून चेंडूसाठी रेटायचा घोळका) समोरच्या संघाचा. साथीदार दोन पावले मागे राहिली नाही तर हा घोटाळा होणारच, म्हणून दोष नुसता देणारीला लावू नये. चेंडू 5 नंबरचा, 410 ते 460 ग्रॅमचा. लहान हातांना तो निसटतो, तेव्हा शाळकरी मुलींना आधी 4 नंबरचा द्यावा.

सोलापूरची खरी अडचण जमिनीची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बुटाला चिकटते, आणि मुरमाड मैदानावर पकड केली की कोपर-गुडघे सोलून निघतात. मार्च ते मे सराव पहाटे उरकावा आणि पकडीचा भाग गाद्यांवर घ्यावा. भुसा भरलेले जाड पोतेही चालते, मात्र तळाशी दगड-वाळू नको.

प्रमाणपत्रांकडे पहिल्या वर्षापासून लक्ष हवे. शासकीय नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी कोणती स्पर्धा, कोणती पातळी, कितवा क्रमांक हे पाहिले जाते, आणि पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. सोलापूर पुणे विभागात मोडते. नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे प्रमाणपत्र हातात पडताच बघावे.